छातीखाली संवेदना नाही, पोटात बाळ आहे: एका प्रसूती विभागाला साडेतीन तारे

पाचपैकी साडेतीन. गरोदरपणातल्या तपासण्यांना आणि लेबर रूमला मी डोळे झाकून पाच दिले असते, बाळंतपणानंतरच्या वॉर्डने सरासरी खाली ओढली. मी लेखापरीक्षक आहे. भारावून जाऊन गुण द्यायची सवय नाही, आणि चिडून शून्य द्यायचीही नाही. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीचा भाग बराच आहे आणि तो लेखी त्यांच्याकडे पोहोचलेला आहे. ज्या कसोट्यांवर मी त्यांना तपासलं त्या कुठल्याही प्रसूती विभागाला लावता येतील, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

माझी केस अशी: अपघातात मणक्याला दुखापत, पातळी टी-४, म्हणजे छातीच्या भागातला चौथा मणका. हात उत्तम चालतात, छातीखाली हालचाल नाही आणि संवेदना जवळजवळ नाही. व्हीलचेअर मी स्वतः चालवते, लघवीसाठी दिवसातून ठरलेल्या वेळी स्वतः कॅथेटर घालते, नोकरी करते. पाळी आणि मूल होण्याची क्षमता यांवर मणक्याच्या दुखापतीचा कायमचा परिणाम सहसा होत नाही, हे अजूनही बऱ्याच लोकांना माहीत नसतं. त्यात डॉक्टरही आले. मी आधी जिथे गेले होते तिथे दोन वॉर्डबॉयनी "एक, दोन, तीन, उचला" करून मला टेबलावर ठेवलं, आणि डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "ठेवायचंय का?" मी तिथेच होते, टेबलावर, पूर्ण शुद्धीत. त्या जागेचा रिव्ह्यू लिहिण्यात अर्थ नाही.

आता या रुग्णालयाबद्दल. अपॉइंटमेंट घेताना मी फोनवर एकच प्रश्न विचारला: तपासणीचं टेबल खाली किती येतं? स्वागतकक्षातल्या मुलीने "आमच्याकडे सगळी सोय आहे मॅडम" असं ठोकून दिलं. हे उत्तर मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की त्याची किंमत मला ठाऊक आहे. पण संध्याकाळी ओपीडीच्या सिस्टरचा फोन आला. त्यांनी टेप लावून मोजलं होतं. "सगळ्यात खाली ४६ सेंटिमीटर. तुमच्या खुर्चीची सीट किती आहे? उशी धरून सांगा." उशी धरून! तिथेच मी अर्धी जिंकले गेले. माझी सीट उशीसकट ५० सेंटिमीटर. म्हणजे जाताना थोडा उतार, आणि येताना टेबल जरा वर घ्यायचं की पुन्हा उतार. ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे खुर्ची आणि टेबल यांच्यामध्ये टाकायची गुळगुळीत फळी, लावून मी स्वतः सरकले. कुणी उचललं नाही, कुणी काखेत हात घातले नाहीत.

उंचीचा एवढा बाऊ कशाला, असं वाटणाऱ्यांसाठी: अमेरिकेत वैद्यकीय तपासणीच्या टेबलांचं मानक २०१७ साली आलं, त्यात खालची उंची १७ ते १९ इंच धरली होती, आणि २०२४ मध्ये ती १७ इंचांवर पक्की केली. म्हणजे ४३ सेंटिमीटर. या दोन इंचांवर बायका स्वतः टेबलावर जातात किंवा जात नाहीत. जात नाहीत तेव्हा तपासणी खुर्चीवर बसूनच उरकली जाते, आणि खुर्चीवर बसून पोट नीट तपासता येत नाही, बाकीचं तर सोडाच.

वजनाचंही तसंच. रॅम्प असलेला सपाट काटा होता, त्यावर खुर्चीसकट चढायचं. पहिल्याच वेळी सिस्टरनी मला टेबलावर पाठवून रिकामी खुर्ची वेगळी तोलली. उशी, मागची पिशवी, सगळं जसं असतं तसं. तो आकडा फाइलच्या आतल्या पानावर लिहिला आणि पुढे दर खेपेला वजा केला. मध्ये मी पिशवीत लॅपटॉप नेला तर त्यांनी तो काढून ठेवायला लावला. मला असली माणसं आवडतात. आधीच्या जागी "साधारण साठ लिहू या" झालं होतं. अंदाजे वजन लिहून चालत नाही, कारण रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं इंजेक्शन वजनावर ठरतं, पायांवरची सूज वजनात दिसते, आणि बसून असणाऱ्या बाईच्या बाबतीत वाढलेला प्रत्येक किलो माकडहाडावर आणि बैठकीच्या हाडांवर येतो.

या रुग्णालयाची खरी ताकद मात्र एका कागदात आहे. पहिल्या भेटीत डॉक्टर बाईंनी माझं बीपी घेतलं, ९०/५८ आलं. बाकी कुणीही घाबरून मीठ-साखरेचं पाणी मागवलं असतं. त्यांनी विचारलं, "तुमचं नेहमीचं एवढंच असतं का?" हो म्हटल्यावर त्यांनी लाल कडेचं एक कार्ड घेतलं, त्यावर ठळक लिहिलं: "नेहमीचं बीपी ९०/६०. १२० म्हणजे या रुग्णासाठी नॉर्मल नाही." कार्ड फाइलच्या पुढच्या बाजूला स्टेपल केलं आणि त्याची एक प्रत माझ्या पर्समध्ये ठेवायला दिली.

हे का, ते समजून घ्या, कारण तुमची दुखापत टी-६ किंवा त्याच्या वर असेल तर हाच विषय सगळ्यात मोठा आहे. त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, आम्ही सगळ्या नुसतं एडी म्हणतो. दुखापतीच्या खाली शरीराला काहीतरी खुपतं. भरलेलं मूत्राशय, पिळवटलेली कॅथेटरची नळी, बद्धकोष्ठ, पायात रुतलेला बूट, आणि गरोदरपणात थेट कळा किंवा आतून केलेली तपासणी. मेंदूला ते दुखणं कळत नाही, पण खालच्या नसा आपल्या परीने प्रतिक्रिया देतात. रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी भसकन वर जातं. नेहमीपेक्षा वरचा आकडा २० ते ४० ने वाढला तरी एडी धरायची. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, नाक चोंदतं, वरच्या अंगाला घाम सुटतो, काटा येतो. वेळीच कारण काढलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नेहमी ९० असणाऱ्या बाईचं १३० झालं तर सामान्य तक्ता पाहणाऱ्याला ते छान वाटेल. म्हणून ते कार्ड.

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मणक्याची दुखापत असलेल्या गर्भवतींसाठी २०२० साली मार्गदर्शन काढलं, त्यात एडीवर भर आहे. आमच्या डॉक्टर बाईंनी ते वाचलेलं होतं, एवढंच नाही तर ते टेबलावर होतं आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. आतून तपासण्याआधी त्या बधीर करणारी जेल लावून थांबायच्या. मला काही जाणवत नसताना जेल कशाला, असं एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं. "यांना जाणवत नाही, यांच्या नसांना जाणवतं," त्या म्हणाल्या.

दुसरी एक गोष्ट त्यांनी आधीच ओळखली. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या द्यायच्या, तर गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. माझं पोट साफ होण्याचं वेळापत्रक आधीच नाजूक, ते बिघडलं की एडी. गोळ्या नाही द्यायच्या तर रक्त कमी, आणि रक्त कमी असलं की कातडी लवकर खराब होते, बेडसोअर येतो. बहुतेक डॉक्टर यातलं एक टोक पकडतात. यांनी पहिले महिने गोळ्यांचा डोस बेताचा ठेवला, चौथ्या महिन्यानंतर लोह शिरेतून दिलं आणि पोटाच्या वेळापत्रकाची नोंद मला स्वतंत्र वहीत ठेवायला सांगितली. स्नायू आखडू नयेत म्हणून मी घेते ती बॅक्लोफेनची गोळीही त्यांनी एकदम बंद केली नाही. ती अचानक थांबवणं आईला धोक्याचं, आणि शेवटपर्यंत घेतली तर जन्मल्यावर बाळाला तिची सवय सुटण्याचा त्रास होऊ शकतो. डोस हळूहळू कमी केला, बाळाच्या डॉक्टरांना आधीच कळवलं. दोन विभाग एकमेकांशी बोलतात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ही दुर्मीळ गोष्ट आहे.

फिजिओ बाईंचं काम विसरून चालणार नाही. पोट वाढलं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो, खुर्ची वेगळीच वागायला लागते, ट्रान्सफरला हात पुरत नाहीत. त्यांनी मागची चाकं थोडी सरकवून घेतली, सीटची रुंदी मोजली, उशी बदलायला लावली आणि बसल्या बसल्या दर १५-२० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून बूड हलकं करायची सवय पुन्हा लावली. सातव्या महिन्यात पोटामुळे कॅथेटर घालताना काही दिसेना. तेव्हा वाकवता येणारा आरसा त्यांनीच सुचवला. लघवीची कल्चर तपासणी मात्र जवळपास दर भेटीला, कारण कॅथेटर वापरणारीला संसर्ग व्हायचाच, आणि गरोदरपणात तो वर मूत्रपिंडापर्यंत गेला की वेळेआधी प्रसूतीची भीती.

आता आक्षेप क्रमांक एक. अपंगांसाठीचं स्वच्छतागृह. आहे. दार रुंद आहे, बार आहेत, बेसिनखाली गुडघे जातात, चित्र तर इतकं मोठं लावलंय की रस्त्यावरून दिसावं. आत तीन बादल्या, एक मोडकं सलाईनचं स्टँड आणि ओल्या फरशीपुसण्यांचा ढीग. मी दोनदा मावशींना सांगून रिकामं करून घेतलं, पुढच्या भेटीला पुन्हा तेच. गरोदर बाई, त्यात कॅथेटरवाली, त्यात भरलेलं मूत्राशय म्हणजे एडीला आमंत्रण. फाइलवर लाल कार्ड लावणाऱ्या रुग्णालयात तो धोका मोरीपासून चार पावलांवर बादलीत उभा असावा, हे काही पटलं नाही. अर्धा तारा इथेच गेला.

ओपीडीत माझ्या शेजारी एक कर्णबधिर बाई नेहमी असायची. आमची गाठ तिच्या दुभाषामुळे पडली. तिच्या अनुभवावरून कळलं की या जागेने "अपंग" म्हणजे प्रामुख्याने व्हीलचेअर धरलेली आहे. दुभाषी दिवसा मिळायचा, रात्री नाही, आणि बाळं काही ओपीडीच्या वेळेत येत नाहीत. मास्क लावलेल्या डॉक्टरचे ओठ वाचता येत नाहीत, हे तिला दर नव्या माणसाला लिहून दाखवावं लागे. सोनोग्राफीच्या खोलीत तर आणखीच गंमत. पडदा नीट दिसावा म्हणून दिवे बंद करतात, आणि दिवे बंद झाले की तिला दुभाषाचे हातच दिसत नाहीत. तिच्या बाळाचे ठोके ऐकून सगळे हसले आणि तिला कळेना कशाला. पुढच्या वेळी तिनेच छोटा टेबललॅम्प आणला, आणि तो मग तिथेच राहिला. ही सुधारणा रुग्णाने केली, रुग्णालयाने ठेवून घेतली. दृष्टिहीन असलेल्या एकीशीही ओळख झाली, तिचा अनुभव बरा होता: डॉक्टर बाई तिचा हात धरून पोटावर डोकं कुठे, पाठ कुठे ते दाखवायच्या आणि औषधांच्या पाकिटांना वेगवेगळे रबर लावून द्यायच्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सहापैकी एक माणूस कुठल्या ना कुठल्या मोठ्या अपंगत्वासह जगतो, सुमारे १.३ अब्ज. त्यात आई होऊ पाहणाऱ्या बायका किती असतील याचा अंदाज घ्या आणि मग कुणी "तुमच्यासारखी केस आमच्याकडे पहिलीच" म्हणालं तर विचारा, की बाकीच्या कुठे जातात?

लेबर रूम. माझ्यासारख्यांना कळा दुखत नाहीत. टी-१० च्या वरच्या दुखापतीत गर्भाशयाचं दुखणं वर पोहोचतच नाही. ऐकायला मजेशीर वाटतं, "नशीबवान आहेस" असंही ऐकून झालं. धोका असा की कळा सुरू झाल्याचं कळतच नाही आणि बाई घरीच बाळंत होते. म्हणून सातव्या महिन्यापासून सिस्टरनी मला पोटावर हात ठेवून कडकपणा ओळखायला शिकवलं: पोट नाकाच्या शेंड्याइतकं मऊ असेल तर ठीक, कपाळासारखं कडक झालं की वेळ बघायची. शिवाय पायांना अचानक येणारे आचके, काटा, उगाचच दम लागणं, कॅथेटरच्या वेळा चुकवून गळती, ही सगळी चिन्हं. शेवटच्या आठवड्यांत गर्भाशयाचं तोंड तपासणीत जास्त वेळा पाहिलं गेलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेटही आधीच ठरवून झाली. माझ्या पाठीत रॉड आहेत, त्यामुळे एक्स-रे बघून सुई कुठून जाईल ते त्यांनी लिहून ठेवलं. "कळा सुरू झाल्या की एपिड्यूरल (पाठीतून बधीर करणारं इंजेक्शन) लवकर," असं कार्डावर वाढवलं. सासूबाईंनी रास्त प्रश्न विचारला, "हिला दुखतच नाही, मग दुखणं थांबवायचं इंजेक्शन कशाला?" डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावलं की हे दुखण्यासाठी नाही, कळांचा निरोप पाठीच्या कण्यात पोहोचूच नये आणि बीपी चढू नये यासाठी आहे. सासूबाई त्यानंतर सगळ्या नातेवाइकांना एडी समजावत सुटल्या. काही तर त्यांना डॉक्टर समजले.

प्रत्यक्षात झालं ते असं. रात्री काटा आला, डावा पाय ताठ झाला, पोट कपाळासारखं. पोहोचलो तेव्हा ड्युटीवरचे डॉक्टर नवे होते. पहिलं बीपी १४८/९४. माझं डोकं फुटायला आलेलं, नाक बंद, गळ्यापासून वर घामाच्या धारा, हात मात्र थंडगार. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "प्रीएक्लॅम्पसिया दिसतोय, मॅग्नेशियम काढा, यांना आडवं करा." प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार, आणि त्यात झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम देतात.

सिस्टरनी मॅग्नेशियम काढलं नाही. त्यांनी फाइल उचलून लाल कार्ड त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं आणि एकीकडे पलंगाचं डोकं सरळ ९० अंशांत वर घेतलं. मग माझ्या मांडीखाली हात घालून, तेव्हा पिशवीला जोडून ठेवलेल्या कॅथेटरची नळी चाचपली. नळी मांडीखाली दबून पिळवटली होती, पिशवीत कधीपासून थेंब नव्हता. नळी सोडवली तसा लघवीचा लोट आला आणि दोन मिनिटांत बीपी १२२. "आता कळेबरोबर मोजत राहा," सिस्टर म्हणाल्या. कळ आली की १३५, कळ गेली की १०८. प्रीएक्लॅम्पसियात बीपी असं कळेच्या तालावर चढ-उतार करत नाही, ते चढूनच राहतं. तो तक्ता बघून नव्या डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी प्रीएक्लॅम्पसियासाठी रक्त-लघवी तपासायला पाठवलीच, ते बरोबरच होतं, दोन्ही एकत्र असू शकतात. भूल देणारे डॉक्टर आले, एपिड्यूरल बसलं, आणि पुढचे तास बीपी ९५ ते १०५ मध्ये शहाण्यासारखं बसून होतं. तपासण्या स्वच्छ आल्या.

या प्रसंगासाठी पाच तारे, आणि ते सगळे त्या सिस्टरना. कार्ड नसतं तर एक चांगला, मेहनती, दमलेला डॉक्टर चुकीच्या वाटेने गेला असता आणि मला आडवं केलं असतं. आडवं केल्यावर एडीत बीपी आणखी चढतं.

अर्धांगवायू आहे म्हणजे सिझेरियनच, हा समज चुकीचा आहे. गर्भाशय आकुंचन पावतं ते मेंदूच्या परवानगीशिवाय. शेवटी जोर लावायला पोटाचे स्नायू नसतात, म्हणून बाळाच्या डोक्याला व्हॅक्यूमची वाटी लावून बाहेर ओढावं लागलं. मुलगी झाली, लगेच रडली. माझ्या छातीवर ठेवली, म्हणजे मुद्दाम थोडी वर, जिथे मला जाणवतं तिथे. सांगावं लागलं नाही. हेही त्यांनी कार्डावर लिहून ठेवलेलं होतं.

आणि मग मला वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डात नेलं, आणि कार्ड फाइलमध्ये आत कुठेतरी गेलं.

तिथली कॉट उंच आणि एका जागी ठोकलेली, खाली-वर न होणारी. बेल पलंगामागच्या भिंतीवर, हात पुरेल त्याच्या दीड वीत पलीकडे. बाळाचा पाळणा चार पायांचा, मध्ये आडवी पट्टी, त्यामुळे खुर्ची त्याखाली जात नाही. बाजूने गेलं तर कठडा काखेपर्यंत. म्हणजे बाळ रडतंय, मला दिसतंय, ऐकू येतंय, हात उत्तम आहेत आणि तरी मी तिला उचलू शकत नाही. माझ्या अपंगत्वाचा यात काहीही संबंध नाही, हा सगळा फर्निचरचा दोष आहे. बाजूचा कठडा दारासारखा उघडणारे पाळणे बनतात, खाली गुडघे जायला मोकळी जागा असणारे स्टँड बनतात. सुताराला सांगितलं तरी होतील.

रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. पहिल्या रात्री एकदाच बदलली गेली. सकाळी नवऱ्याने पाहिलं तर माकडहाडावर लाल चट्टा, बोटाने दाबलं तरी फिका होत नव्हता. फिका होत नाही म्हणजे बेडसोअरची पहिली पायरी. पुढचे काही दिवस मला त्या बाजूवर बसता आलं नाही, म्हणजे बाळाला मांडीवर नीट घेता आलं नाही. नऊ महिने जपलेली कातडी एका रात्रीत गेली, याचा राग अजून आहे.

दूध पाजण्याचं मार्गदर्शन सासूबाईंना दिलं गेलं. आंघोळीचं प्रात्यक्षिक उभ्याने वापरायच्या ओट्यावर झालं, मी मागून पाठी बघत बसले. स्तनपानाच्या सल्लागार आल्या, त्यांनी "बाळ ओढेल तसं दूध येईलच" म्हटलं आणि निघाल्या. टी-६ च्या वरच्या दुखापतीत स्तनाग्राची संवेदना मेंदूपर्यंत नीट पोहोचत नसेल तर पान्हा फुटायला अडचण येऊ शकते, कधी पाजतानाच एडी होते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी लेबर रूमच्या त्याच सिस्टर ड्युटी संपवून वर आल्या, त्यांनी उशा लावून बाळाला बसवलं, हाताने दूध काढायला शिकवलं आणि पाजताना बीपीचा पट्टा लावून ठेवला.

मनःस्थितीची दहा प्रश्नांची ती एडिनबरा प्रश्नावली भरून घेतली, चांगली गोष्ट. पण ती सासूबाई, नणंद आणि शेजारच्या पलंगावरचं अख्खं कुटुंब यांच्या देखत मोठ्याने विचारली. "स्वतःला इजा करावी असं वाटतं का?" या प्रश्नाला तशा दरबारात कोण हो म्हणेल?

डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातल्या एका डॉक्टरांनी, "आता एक झालंय, ऑपरेशन करून टाका ना, तुमच्या परिस्थितीत..." असं वाक्य अर्धवट सोडलं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग हक्क कराराच्या कलम २३ मध्ये स्पष्ट आहे की अपंग व्यक्तींची प्रजननक्षमता इतरांच्या बरोबरीने अबाधित राहील आणि किती मुलं, किती अंतराने, हे त्या स्वतः ठरवतील. मी त्यांना ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर बाईंनी मात्र नंतर नीट बसून पर्याय सांगितले, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी बसून असणाऱ्या बाईला गुठळीचा धोका वाढतो हेही, आणि निर्णय माझ्यावर सोडला. एकाच इमारतीत जिना चढला की शतक बदलतं.

तक्रारीला उत्तर आलं. बेलला लांब दोरी लावली आहे. स्वच्छतागृहाला कुलूप लावून किल्ली ओपीडी सिस्टरकडे दिली आहे, हे मला फारसं पटलेलं नाही, कारण आता किल्ली शोधावी लागेल. लाल कार्ड वरच्या वॉर्डातही पलंगाला टांगायचं ठरलंय. रात्रीच्या दुभाषाचा विषय "विचाराधीन", पाळणा "खरेदीच्या यादीत".

तुमची दुखापत वरच्या पातळीची असेल आणि एडी होत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, असंच कार्ड करणारी जागा गाठा, लांब पडली तरी. कार्डाची प्रत नवऱ्याकडे, बहिणीकडे, जो कुणी बरोबर असेल त्याच्याकडेही द्या. दाखल होण्याआधी बाळंतिणींचा वॉर्ड स्वतः खुर्चीवरून फिरून बघा, नुसती लेबर रूम बघून परत येऊ नका. पाळण्याखाली गुडघे जातात का ते खुर्ची आत घालूनच तपासा, जात नसतील तर स्वतःचा पाळणा आणायची परवानगी आधी लेखी घ्या. आणि रात्री कूस कोण बदलणार, त्या माणसाचं नाव विचारून ठेवा.